यंत्रातली अंबूबाई

कस्तुरीचं काम गावात कुणालाच नीट सांगता यायचं नाही. समडोळीच्या जैन बस्तीत, म्हणजे मंदिरात, पूजेला जमणाऱ्या बायकांना ती "कॉम्प्युटरवर काहीतरी करते" एवढंच ठाऊक होतं. तिची आत्ती अंबूबाई मात्र ठणकावून सांगायची, "आमची कस्तुरी मशिनीच्या पोटातलं वाचती." आणि खरं सांगायचं तर जयराज सरांच्या कंपनीच्या माहितीपत्रकात चार पानं भरून जे लिहिलं होतं, त्यापेक्षा म्हातारीचं हे एक वाक्य जास्त खरं होतं.

कंपनी साताऱ्यात होती. कंपनी म्हणजे दोन खोल्या, एक एसी आणि बाहेर मोठी पाटी. काम असं आलं होतं की एका दूध संघाकडं फॅट मोजायची शेकडो जुनी यंत्रं होती. ती बनवणारा कारखाना कधीच बंद पडला, आणि यंत्राच्या आतला प्रोग्रॅम कसा लिहिलाय हे सांगणारं माणूस उरलं नव्हतं. संघाला नवी यंत्रं जुन्यासारखीच चालायला हवी होती. म्हणून त्या प्रोग्रॅमची चिरफाड करायची. त्यासाठी एक सॉफ्टवेअर असतं. ते प्रोग्रॅम उघडून त्याचे हजारो बारके तुकडे समोर मांडतं, पण तुकड्यांना नावं नसतात, नुसते आकडे. एकेक तुकडा वाचायचा, तो काय करतो ते ओळखायचं आणि त्याला नाव द्यायचं. डोळे फुटायची वेळ येते या कामात. कस्तुरीला मात्र त्याची गोडी लागली होती.

नावं द्यायला लागली की तिला घर आठवायचं. एक तुकडा होता, तो प्रत्येक दूध दोनदा मोजायचा आणि दोन्ही वेळचं जुळलं नाही तर सरळ नाकारायचा. कस्तुरीनं त्याचं नाव ठेवलं अंबूबाई. कारण आत्ती दुधात बोट बुडवून थेंब नखावर धरायची, आणि मग कुणी काही म्हणो, पुन्हा एकदा धरायची. यंत्राला हवी तेवढी ऊब मिळेपर्यंत हूं की चूं न करणारा एक तुकडा होता, तो सुंदरी. सुंदरी म्हणजे घरची म्हैस. तिच्या पाठीवरून हात फिरवल्याशिवाय ती थेंब देत नसे. मधूनच जागा होऊन, इकडंतिकडं बघून, काहीही न करता परत झोपणारा एक होता. तो सयाजी, म्हणजे शेजारचा सयाजीमामा. त्याला हे आजवर कळलेलं नाही आणि न कळलेलंच बरं.

तिनं अंबूबाईला स्क्रीनवरची इंग्रजी अक्षरं दाखवली तेव्हा म्हातारी चष्मा पुसून पुसून बघत बसली. नवरा लग्नाच्या दुसऱ्याच वर्षी गेलेला, पोरबाळ नाही, सगळा जन्म भावाच्या घरी गेला. घरावर नाव नाही, रानावर नाव नाही. तिनं एकच विचारलं, "म्हंजी मी गेल्यावर बी ऱ्हानार हे?"

"व्हय आत्ती. मशीन हाय तवर ऱ्हानार."

दुसऱ्या दिवशी ही बातमी सगळ्या बस्तीला कळली होती.

आता या कामात तिघंजण होते असं कागदावर होतं. जयराज सर, वीरधवल आणि कस्तुरी. सर फोनवर बोलायचे. काम उरलेले दोघं आपापल्या घरून करायचे. वीरधवल कोरेगावकडचा, कॉलेजात तिच्याच वर्गात सांगलीला होता, तिनंच त्याला इथं चिकटवलं होतं. प्रत्येकाकडं आपापली प्रत असायची आणि दिवसाचं काम संध्याकाळी साताऱ्यातल्या सामाईक प्रतीत मिसळायचं. ते मिसळणं म्हणजे मोठी कटकट. एकाच तुकड्याला दोघांनी हात लावला असला की सॉफ्टवेअर अडून बसायचं, "तुमचं ठेवू की त्यांचं?" असं एकेक विचारायचं. घाई केली की कुणाची तरी मेहनत पुसली जायची. एका वेळी एकानंच बसायचं, आणि त्यात तासभर सहज जायचा.

नेमका तोच तास कस्तुरीला नसायचा. घरात दिवस बुडायच्या आत जेवणं उरकायची, हा पिढ्यानपिढ्यांचा नेम. कामासाठी तो मोडावा असं तिला कधी वाटलं नाही आणि वडिलांनी, अजितकुमारांनी, मोडू दिलाही नसता. आणि वीरधवलला सकाळ नसायची. भाऊ सैन्यात, आई अंथरुणावर, ऊस एकट्याच्या गळ्यात. शेतीची लाईट यायची रात्री. रात्रभर पाणी पाजून सकाळी तो मेल्यासारखा झोपायचा.

तोडगा त्यानंच काढला. "कस्तुरे, आपण पैरा करू गड्या. संध्याकाळी तू तुझी सगळी फाईल मला पाठव आणि जेवायला जा, मी मिसळतो. सकाळी माझं अर्धवट राहिलेलं तू पुरं करत जा. हिशोब फिट्टमफाट."

पैरा म्हटल्यावर तिला वेगळं समजवायला लागलंच नाही. आज माझ्या रानात तुझी बैलं, उद्या तुझ्या रानात माझी. तिच्या घरातही शेताची भांगलण तशीच व्हायची. लिहून ठेवायची पद्धत नाही आणि बुडवल्याचंही ऐकिवात नाही. ती लगेच हो म्हणाली. इथंच बाई फसली.

झालं काय, संध्याकाळी तिची फाईल वीरधवल आपल्या मशीनवर उघडायचा आणि मिसळायचं बटण दाबायचा. सॉफ्टवेअरला काय कळतंय? त्याला बटण दाबणारा दिसतो, राबणारा दिसत नाही. प्रत्येक नावाच्या शेजारी ते इमानानं लिहायचं, 'वीरधवल'. सकाळी ती त्याच्या फाईलमधले अर्धे सोडलेले तुकडे वाचून काढायची, नावं द्यायची, फाईल परत ठेवायची, आणि उठल्यावर बटण पुन्हा तोच दाबायचा. तिच्या नजरेस हे पहिल्याच आठवड्यात पडलं होतं. तिनं हसून सांगितलंसुद्धा, "अरे, माझ्या आत्तीला तूच नाव ठेवलंस असं दिसतंय." तो म्हणाला, "दिसू दे की. आपल्याला माहीत आहे ना?" तिला ते पुरलं. दोन वर्षं पुरलं.

मग पुण्याच्या एका कंपनीनं जयराज सरांची कंपनी विकत घ्यायचं ठरवलं. सर एकदम प्रेमानं बोलू लागले, तिथंच कस्तुरीला शंका यायला हवी होती. पुणेकरांना दोघांपैकी एकच माणूस हवा होता. जो राहील त्यानं आपापल्या गावातून काम केलं तरी चालणार होतं. कस्तुरीचा जीव यातच अडकला. पुण्याला किंवा बंगळुरूला एकटी राहायला वडील पाठवणार नव्हते. ही नोकरी गेली तर हे कामच गेलं. मग समडोळीच्या घरात बसून स्थळं बघायची.

साताऱ्याच्या बैठकीला ती पहाटेच्या एसटीनं इस्लामपूर, कऱ्हाड करत गेली. पुण्याहून विजयमाला मॅडम आल्या होत्या. बाई नीट होती, कामातली होती. तिनं भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर सामाईक प्रत उघडली आणि कुणी काय केलंय त्याची यादी खाली खाली सरकवायला लागली. वीरधवल, वीरधवल, वीरधवल. मधूनच कुठंतरी कस्तुरी, खिचडीतल्या शेंगदाण्यासारखी.

एका जागी मॅडम थांबल्या आणि हसल्या. "हे अंबूबाई काय आहे?"

कस्तुरीनं वीरधवलकडं बघितलं. आता सांगेल, असं तिला वाटलं. अगदी मनापासून वाटलं, हेच तिला पुढं कितीतरी दिवस टोचत राहिलं.

वीरधवलनं सांगितलं. छान सांगितलं. दुधात बोट बुडवणारी म्हातारी, नखावरचा थेंब, पुन्हा एकदा तपासायची खोड. हातानं करून दाखवलं. मॅडम खूश झाल्या. जयराज सरसुद्धा हसले. "तर मॅडम, दोनदा मोजणारा तुकडा म्हणून त्याचं नाव अंबूबाई," तो म्हणाला आणि थांबला.

कस्तुरीच्या कानांतून वाफा निघाल्या. ती म्हणाली, "मॅडम, अंबूबाई माझी आत्ती आहे. ते नाव मी दिलंय."

"पण इथं तर वीरधवल दिसतंय," मॅडम म्हणाल्या. आवाजात राग नव्हता.

कस्तुरीनं सगळं सांगितलं. संध्याकाळचं जेवण, पाठवलेल्या फायली, सकाळची कामं, पैरा. बोलता बोलता तिचं तिलाच कळत होतं की हे सगळं किती लंगडं वाटतंय. दिवस बुडायच्या आत जेवायचं होतं म्हणून दोन वर्षांचं काम दुसऱ्याच्या नावावर गेलं, यावर कोण विश्वास ठेवणार? मॅडमनी विचारलं, "वीरधवल, असं आहे का?"

वीरधवल टेबलाकडं बघत म्हणाला, "कस्तुरीची मदत असायचीच, मॅडम. टीम आहे आमची."

मदत! त्यानं नाही म्हटलं असतं तर तिला भांडता आलं असतं. खोटारडा म्हणता आलं असतं. पण या एका शब्दानं तिच्या कपाळाला हळद-कुंकू लावून तिला दाराबाहेर नेऊन ठेवलं. जयराज सरांना सगळं ठाऊक होतं, कारण "तुमचा पैरा झकास चाललाय" असं तेच म्हणायचे. पण तेवढ्यात त्यांना फोनमध्ये काहीतरी फार महत्त्वाचं सापडलं.

एसटी स्टँडवर वीरधवल मागोमाग आला. "कस्तुरे, ऐक तरी. भाऊ तिकडं सरहद्दीवर हाय, आईचं तर तुला म्हाईतच हाय. ऊस सोडून मी पुण्याला जाऊ शकत न्हाई. मला ही नोकरी पायजेच हुती गं."

"मला नको होती?"

"तुझं तसं न्हाई. घर हाय, वडील हायत. उद्या लगीन हुईल."

कस्तुरीला तिथंच रडू फुटलं आणि रडू फुटल्याचाच जास्त राग आला. "वीरधवल, पैऱ्यात निदान रान कुणाचं ते गावाला दिसतं रे. मी तुझ्या रानात राबले, माझ्या रानात पण मीच राबले, आणि दोन्ही रानं तुझी कशी झाली?"

"तू आदी बोलायचंस की," एवढंच तो म्हणाला. आणि यात सगळ्यात वाईट हे होतं की ते खोटं नव्हतं. सांगलीची गाडी लागली तशी ती मागं न बघता चढली.

निरोपाचा मेल चार ओळींचा आला. त्यात तिच्या 'मोलाच्या मदतीबद्दल' आभार होते. लॅपटॉप कुरिअरनं पाठवून द्यायचा होता, त्याआधी शेवटचं काम सामाईक प्रतीशी जुळवून घ्यायचं होतं. तिनं ते ढकलता येईल तितकं ढकललं. मग एका संध्याकाळी, उन्हं उतरताना, ओसरीवर बसून उघडलं.

सामाईक प्रत बदललेली होती. पुणेकरांनी गिऱ्हाईकाला दाखवण्याजोगी नावं ठेवायला सांगितली असणार, आणि वीरधवलनं ती ठेवली होती. सुंदरीचं 'हीट चेक' झालं होतं. सयाजीमामाचं 'आयडल'. अंबूबाईचं 'सॅम्पल टू'. कामाला काहीच बाध येत नव्हता. माणसं तेवढी उठून गेली होती.

सॉफ्टवेअर नेहमीसारखं अडून बसलं. तुमचं ठेवू की त्यांचं? ती 'त्यांचं' म्हणत गेली. सुंदरी गेली, सयाजी गेला. अंबूबाईपाशी तिचं बोट थांबलं.

"काय करालीस गं?" आत्ती हात पुसत येऊन शेजारी टेकली. घरात तिला अजून कुणी काही सांगितलं नव्हतं. सुट्टी आहे, एवढंच माहीत होतं. "माजं नाव हाय न्हवं अजून त्यात? त्या बिरनाळ्याच्या सुनंला पटंना. म्हनती, अंबूआक्का, तुमी कायबी सांगताय."

कस्तुरीनं 'माझं ठेवा' दाबलं. सॉफ्टवेअरनं ते ठेवलं आणि खाली एक ओळ दाखवली, की सामाईक प्रतीत पाठवायचा अधिकार आता तुम्हाला नाही, हा बदल फक्त या मशीनवर राहील. हे मशीन उद्या कुरिअरवाला नेणार होता, आणि पुण्यात कुणीतरी ते पुसून कोरं करणार होतं.

तिनं लॅपटॉप आत्तीकडं वळवला. "बघ. हाय."

अंबूबाईनं चष्मा पुसला, डोळ्यावर चढवला. नखावरचा थेंब बघावा तशी बघितली, मग सवयीप्रमाणं पुन्हा एकदा बघितली. आपल्या नावाची अक्षरं ती आता आकारावरून ओळखायची. चेहऱ्यावर समाधान पसरलं. मग तिचं बोट बाजूला सरकलं, नाव देणाऱ्याचं नाव असतं तिथं. "आणि ही कुणाची अक्षरं? तुजी व्हय?"

तिथं पहिल्यापासूनचंच वीरधवल लिहिलं होतं.

"व्हय आत्ती," ती म्हणाली, "माजीच."

"मग बरं झालं. दोगी शेजारी शेजारी हाय." म्हातारीनं गुडघ्यावर हात टेकून उठता उठता आभाळाकडं बघितलं. "मिट ते आता. चल, जेव आदी. दिवस बुडायला आला बघ."

कस्तुरीनं लॅपटॉप मिटला. पाठवायचं काही नव्हतं. ती उठली आणि आत जाऊन पानं घेतली.