कालिरोईच्या दारातली बादली

मी कानेला बोलतेय. ग्रीसमधल्या इद्रा बेटावरची खेचर. आई घोडी, बाप गाढव. बापाकडून लांब कान मिळाले आणि आईकडून नाक वर करून चालायची सवय. अंगाचा रंग दालचिनीसारखा, म्हणून माझ्या मालकानं, पांतेलिसनं, मला हे नाव ठेवलं; कानेला म्हणजे दालचिनीच.

चार वर्षांची असताना मी त्याच्या हाती आले, आता विसाव्या वर्षात आहे. विटा, फ्रीज, पाहुण्यांच्या बॅगा, एकदा तर नवरीचा पलंग, सगळं मी धक्क्यावरून वरच्या आळीपर्यंत पायऱ्या चढून नेलं. सोबत पांतेलिस, त्याचा हात माझ्या मानेवर. त्याला बायको नव्हती, पोरं नव्हती. खरं सांगते, मला ते फार बरं वाटायचं.

मग कालिरोई मध्ये आली. कप्तानांच्या हवेल्यांमागच्या गल्लीत, हिरव्या दाराच्या घरात राहणारी विधवा. एका दुपारी तिनं माझ्यासाठी दारात पाण्याची बादली ठेवली. दुसऱ्या दिवशीही ठेवली. तेव्हापासून सात वर्षं पांतेलिस रोज तिथं थांबायचा. कुणी विचारलं तर म्हणायचा, "खेचराला पाणी पाजतोय." मी दोन घोटांत आटपायचे, हा उंबऱ्यावर तासभर कॉफी पीत बसायचा. मला तहान नसायचीच, धक्क्यावर हौद आहे. ती मला कलिंगडाची सालं द्यायची. मी खायचे, पण तिच्याकडे बघायचे नाही.

गेल्या जूनमध्ये पांतेलिसची बहीण झंबेता मेलबर्नहून आली, चाळीस वर्षांनी. सोबत तिची लेक एव्ही. बोटीतून उतरल्या उतरल्या झंबेता भावाच्या गळ्यात पडून रडली. मग माझ्याकडे बघून "ही का तुझी लाडकी?" म्हणाली आणि नाकाला रुमाल लावला.

दुसऱ्या दिवशी पांतेलिस त्यांना गाव दाखवायला निघाला. माझी दोरी त्यानं एव्हीच्या हातात दिली. माझी दोरी!

"मामा, ही तोफ खरी आहे?"

"खरी म्हणजे? तुझ्या पणजोबाच्या आज्यानं डागलीय ती."

ही गोष्ट तो मला सांगायचा, चढणीवर दम लागला की. घड्याळाच्या मनोऱ्याची, बुडालेल्या गलबताची, शाळेच्या भिंतीवरून मारलेल्या उडीची, सगळ्या माझ्या गोष्टी त्यानं एका सकाळी त्या पोरीला देऊन टाकल्या. मी जळून खाक झाले.

बुरुजाशी सावलीत बसल्यावर झंबेता म्हणाली, "पांतेली, तुझं तिकीट काढलंय मी. गुडघे बघ तुझे. इथं तुझं आहे कोण?"

"कानेला आहे."

"विकून टाक. तिचं तरी आता काय राहिलंय?"

त्यानं समुद्राकडे तोंड फिरवलं. मग म्हणाला, "बरं."

उतरताना हिरव्या दाराची गल्ली आली. दुपारची नेहमीची वेळ. पांतेलिसनं पाऊल उचललं आणि समोरच्या भिंतीकडे बघत दारावरून पुढे निघाला. एरवी त्या दारातून निघायची घाई मला असायची. पण बहीण त्याला कायमचा नेणार होती. कालिरोई तासभरच न्यायची आणि तासभर मला सोसवत होता. मी चारही पाय रोवून थांबले.

"मामा, ही चालत नाहीये."

"पाणी हवं असेल," पांतेलिस सवयीनं बोलून गेला.

बादली भरलेली होती. उंबऱ्यावर तबकात कॉफीचे दोन कप होते, बश्यांनी झाकलेले. झंबेतानं आधी बादली पाहिली, मग तबक.

"पाणी खेचराचं," ती म्हणाली. "दुसरा कप कुणाचा रे?"

दार उघडलं. पिठाच्या हातांनी कालिरोई बाहेर आली. "झंबेता? उन्हात काय उभ्या, आत या."

"ह्याला मेलबर्नला न्यायला आलेय मी. बोलला नाही का तुला?"

कालिरोईनं हात पुसले. मग पांतेलिसला म्हणाली, "उद्यापासून बादली भरू की नको, तेवढं सांग."

त्यानं बहिणीकडे पाहिलं नाही, कालिरोईकडेही नाही. माझ्याकडे पाहिलं. मी बादलीत तोंड घातलं आणि तहान नसताना तळापर्यंत प्यायले.

"भर," तो म्हणाला.

"मेल्या, खेचराच्या आडून संसार थाटलास होय?" म्हणत झंबेता मटकन उंबऱ्यावर बसली आणि त्याची कॉफी पिऊन टाकली.

सप्टेंबरात लग्न झालं. त्याची ट्रंक मीच त्या गल्लीत वाहून नेली. आता तो हिरव्या दाराच्या आत राहतो. कामावरून आला की मला कडीला बांधतो आणि थेट आत जातो. निमित्त लागत नाही, म्हणून बादलीचीही कुणाला आठवण राहत नाही. आतून दोघांचं हसू ऐकू येतं. मला अजूनही ते खपत नाही.

पांतेली, तुला थांबवलं मी. तहान मला आजही नसते. तरी बादली तेवढी भरत जा.