टाच टेकणारे

ओढ्याकाठी इलिंकाचे रबरी बूट सापडले, एक उभा, एक आडवा. पोर मात्र कुठेच नाही.

रास्पबेरी तोडता तोडता सावेता झुडपापलीकडे गेली होती, तेवढ्यात चार वर्षांची लेक दिसेनाशी झाली. नवरा वसंतात गेला, झाड अंगावर पडून. आता तिचं म्हणून या जगात जे काही उरलं होतं ते त्या बुटांत मावत होतं. हाका मारून मारून तिचा घसा बसला.

सासरे तोआदेर धापा टाकत वर आले. जन्म लाकूडतोडीत गेलेला माणूस. रानातलं आपल्याला सगळं कळतं असा त्यांचा पक्का समज, आणि गावानेही तो कौतुकाने जोपासलेला. ते चिखलात वाकले नि एकदम ओरडले, "हे बघ! अनवाणी वर गेलीय!"

"कोल्हाबिल्हा असेल, मामंजी."

"कोल्हा? अगं, कोल्हा, कुत्रा, लांडगा, सगळे बोटांवर चालतात, टाच त्यांची हवेत. हरीण तर नुसतं नखांवर. म्हणून तर ते पळतात आणि आपण धापा टाकतो. हा पाय बघ कसा अख्खा टेकलाय. टाच, तळवा, पाच बोटं. माणसाशिवाय टाच कोण टेकतं इथे? चल!"

सावेता जीव मुठीत धरून त्यांच्यामागे चढू लागली. ठसे कधी गवतात हरवत, पुन्हा ओल्या मातीत उमटत. एवढा चढ ही पोर चढलीच कशी? रडली नाही, बसली नाही? एका ठशापाशी सावेता गुडघ्यावर बसली.

"मामंजी, हा पाय डावा ना?"

"डावीकडे उमटलाय म्हणजे डावाच."

"मग अंगठा बाहेरच्या बाजूला कसा?"

रोज संध्याकाळी कोमट पाण्यात ती लेकीचे पाय धूत असे. ते पाय तिने डोळे मिटून ओळखले असते. इथे करंगळी आत होती, मोठं बोट बाहेर, जणू कुणी डावा पाय उजवीकडे लावून चाललं होतं. आणि बोटांपुढे बारीक टिंबं होती. ती पावसाच्या थेंबांची नव्हती.

तोआदेरांचा चेहरा पांढराफटक पडला.

"टेकतं," ते पुटपुटले. "आणखी एक जण टाच टेकतं. अस्वल. हे पिल्लू आहे, पोरी."

पिल्लू असेल तिथे आई असते, हे कुणी सांगावं लागत नाही. वरच्या जाळीत फुरफुर झाली, जबडा खटखट वाजला आणि अस्वलीण मागच्या पायांवर उभी राहिली. दारात येऊन कोण आलंय ते बघणाऱ्या बाईसारखी ती दोघांकडे बघत राहिली.

सावेता पुढेच निघाली. तोआदेरांनी तिचा काळा घागरा मागून गच्च धरला.

"सोडा! माझी पोर तिथे असेल तर?"

"नाहीये तिथे. आपण पहिल्यापासून पिल्लाच्याच मागे आलोय. पाठ दाखवू नको, पळू नको. चार पायांवर आली तर घोड्यालाही मागे टाकेल ती." मग अस्वलिणीकडे बघत ते हळू, आर्जवी आवाजात बोलू लागले, "चुकलो गं माय. म्हातारा आंधळा झालाय. तुझं लेकरू तुला लखलाभ. आम्ही आमचं शोधतो."

एकेक पाऊल मागे. अस्वलीण खाली टेकली. ती धावून येणार असं वाटलं, पण ती वळून पिल्लामागे वर निघून गेली. तोआदेरांनी छातीवर क्रुसाची खूण केली, पण सावेताने थांबून तेवढंही केलं नाही. ती घसरत, पडत ओढ्याकडे सुटली.

बुटांपासून हाकेच्या अंतरावरच फरचं एक झाड उन्मळून पडलं होतं. त्याच्या मुळांखालच्या खळग्यात दोन चिमुकले तळवे दिसले. सावेताने लेकीला ओढून उराशी धरलं.

"अस्वलाचं बाळ पाणी प्यायला आलं होतं," इलिंका कानात कुजबुजली. "मी लपले."

"माझ्या हाका ऐकल्या नाहीस?"

"ऐकल्या ना."

"मग ओ का नाही दिलीस गं, राणी?"

"तूच म्हणालीस ना, मोठ्यानं बोललं की बाबाची झोपमोड होते."

सावेताला हुंदका आवरेना. वसंतापासून तिने घरात हसू दिलं नव्हतं, ओरडू दिलं नव्हतं. तोआदेर तोंड फिरवून उभे राहिले.

"ओरड," ती म्हणाली. "आत्ता ओरड. बाबाला जाग येऊ दे."

इलिंकाने आधी आजोबांकडे बघितलं. मग तोंड उघडलं, पण आवाज निघाला तो अगदी हळू. ओरडायची तिची सवयच मोडली होती.