डाव्या हाताचा जोड

स्टँडवरच्या प्रत्येक ड्रायव्हरला मी शहाणपण शिकवायचे. सायलेन्सरचं काम निघालं तर आधी गाडी वर उचलायला लावा, भोक कुठे पडलंय ते आपल्या डोळ्यांनी बघा. तुकडा बदलून भागत असेल तर अख्खी नळी घालू देऊ नका. काय काय बदलणार ते आधी कागदावर घ्या. आणि काढलेला जुना माल परत मागा. भंगारात टाकला म्हणाले तर भंगाराच्या ढिगापाशी जाऊन उभे राहा. "बाई, तू टॅक्सी चालवतेस की कोर्ट?" म्हणून हसायचे सगळे, पण ऐकायचे.

मी स्वतः यातलं एक अक्षर पाळलं नाही. कारण माझं गॅरेज घरचं होतं.

घरचं म्हणजे दादाचं. तो माझा सख्खा भाऊ नव्हे. माझ्या वडिलांनी, अण्णांनी, तीस वर्षं सायलेन्सर जोडले. दादा त्यांच्या हाताखाली शिकला, आमच्या ताटात जेवला, आई गेली तेव्हा माझ्याआधी तोच रडला. पुढे अण्णांचे हात थरथरायला लागले आणि दुकान त्याने घेतलं. अण्णा अजून रोज जातात. दाराशी त्यांची लोखंडी खुर्ची असते. गिऱ्हाईक "काय उस्ताद?" म्हणतं, अण्णा मान हलवतात, झाला दिवस. सकाळी त्यांना मी सोडते, संध्याकाळी आणते.

माझ्या टॅक्सीचा इस्पितळाशी करार आहे. आठवड्यातून तीनदा उपचाराला जाणारी म्हातारी माणसं घरून न्यायची, घरी आणायची. अट एकच: दरवर्षी सरकारी तपासणीत गाडी पास व्हायला हवी. नापास झाली की करार दुसऱ्याला.

म्हणून दोन महिन्यांपूर्वी गाडी गुरगुरायला लागली तशी मी सरळ दादाकडे गेले. त्याने खाली वाकून हातोडीने दोन टोले मारले.

"छोटे, गेलं."

"किती गेलं?"

"पुढून मागपर्यंत. गाळणी झालीय. संध्याकाळी ये."

मी वाकूनसुद्धा बघितलं नाही. घरच्या माणसापुढे वाकून बघायचं म्हणजे त्याच्या तोंडावर चोर म्हणायचं, असं मला वाटायचं. संध्याकाळी गाडी खालून चंदेरी लखलखत होती. हातात चिठ्ठी दिली: "सायलेन्सर पूर्ण". नव्या टायरांसाठी साठवलेलं सगळं मी त्याच्या हातावर ठेवलं. वर "दादा, तू आहेस म्हणून" असंही म्हटलं. आता आठवलं की जीभ चावावीशी वाटते.

गाडी गप्प झाली. मात्र मागच्या सीटवरच्या मास्तरीणबाई बोलायला लागल्या. बाई माझ्या जुन्या सवारी, निवृत्त शिक्षिका, जिभेने धारदार. "तुझ्या गाडीत बसलं की डोकं ठणकतं," म्हणायच्या. मी म्हणायचे, "बाई, पोटात काही ढकलून येत जा, रिकाम्या पोटी डोकंच दुखणार." एकदा त्या उतरताना रस्त्याच्या कडेला ओकल्या. मी त्यांची पाठ चोळली आणि घरी येऊन अण्णांना सांगितलं, "म्हातारीचं काही खरं नाही." अण्णा जेवत होते. जेवतच राहिले.

तपासणीचा दिवस उजाडला. तपासनीस गाडीखालच्या खड्ड्यात उतरला, मी वर उभी. तो मिनिटभराने म्हणाला, "खाली या."

"कशाला? सगळं नवं आहे. पुढून मागपर्यंत."

"या तर खरं."

उतरले. त्याने टॉर्च मारला. मागचा डबा नवा होता, खराच. मधली लांब नळी चंदेरी, गुळगुळीत. तपासनिसाने स्क्रू ड्रायव्हरचं टोक टेकवलं आणि नुसतं दाबलं. ते पापडातून जावं तसं आत गेलं. रंगाचा पापुद्रा सुटून त्याच्या बाहीवर पडला. आत गंज, गंजात बोटभर भोक, भोकावर बुजवायचं पुटीण.

"रंग नवा आहे," तो म्हणाला. "बरोबर मागच्या सीटखाली विषारी धूर गळतोय. या गाडीत आजारी माणसं बसतात ना? काच बंद करून लांब गेला असतात तर एखादं उठलंच नसतं."

मला त्याचं पुढचं ऐकू आलं नाही. भोकाच्या शेजारी, पापुद्रा गेलेल्या जागी, एक जोड उघडा पडला होता. वेल्डिंगच्या वळ्या एकावर एक नीट बसलेल्या, पण उलट्या बाजूला कललेल्या. गावभर जोडणारे सगळे उजव्या हाताचे. डावखुरे एकटे अण्णा. हात थरथरायच्या आधी त्यांनी माझ्या गाडीला घातलेला शेवटचा जोड होता तो. माझ्याच बापाचं काम रंग फासून मला नवं म्हणून विकलं होतं.

नापासाचा शेरा मिळाला. चार दिवसांत दुरुस्त करून आणा, नाहीतर करार गेला.

मी काचा उघड्या टाकून तशीच दुकानात गेले. दादा एका गिऱ्हाइकाच्या गाडीखाली होता. मी त्याच्या बुटावर लाथ घातली.

"बाहेर ये, दादा."

"अगं, काय हे! बघून…"

"बघूनच आलेय. मधली नळी कुठाय माझी? नवी?"

तो उठला, चिंधीला हात पुसले. गिऱ्हाइकाकडे बघून हसला, तसा तो नेहमी हसतो. "आत चल, चहा घेऊ."

"चहा नको. पूर्ण म्हणाला होतास."

"पूर्णच केलं. चिठ्ठी काढ बरं. काय लिहिलंय? 'सायलेन्सर पूर्ण'. नवा असा शब्द दाखव मला. काम हाती घेतलं, पूर्ण केलं."

दहा वर्षांत या माणसाच्या अक्षराकडे मी कधी नीट पाहिलं नव्हतं. त्याने मात्र पाहून, तोलून लिहिलं होतं. मला गंडवायला त्याला खोटंसुद्धा बोलावं लागलं नाही.

"नव्याचे पैसे घेतलेस."

"मेहनतीचे घेतले. आणि मला एकट्याला का धरतेस?" त्याने दाराकडे हनुवटी उडवली. "रंग कोणी मारलाय, विचार."

अण्णा खुर्चीत होते. पायाशी चंदेरी रंगाचा डबा, मांडीवर ब्रश. डाव्या हाताची चारही बोटं चंदेरी. कितीतरी संध्याकाळी ती बोटं मी घरी साबणाने घासून दिली होती. कशाचा रंग, हे विचारलं नव्हतं.

"अण्णा, तुम्ही?"

"जोड चांगला होता," ते म्हणाले. "हा तो कापायला निघाला होता. मी म्हटलं, राहू दे. माझा जोड आहे, अजून दहा वर्षं हलायचा नाही."

"आणि भोक?"

"पुटीण भरलं होतं."

"माझ्याकडून नव्या नळीचे पैसे घेतले, हे ठाऊक होतं?"

ते ब्रशचे केस बोटांनी सारखे करत बसले. मग म्हणाले, "ठाऊक होतं. बोललो असतो तर याने खुर्ची काढली असती."

मला वाटलं होतं ते नाही म्हणतील. खोटं का होईना, नाही म्हणतील.

"मास्तरीणबाई ओकल्या ते तुम्हाला सांगितलं होतं मी. तुम्ही जेवत होतात."

त्यांनी वर बघितलं. डोळ्यांत पाणी होतं म्हणून मी थोडी थांबले. तर ते म्हणाले, "जोड सुटला का गं?"

"नाही. शेजारची नळी सडली."

आणि माझ्या बापाचा चेहरा खुलला. क्षणभरच, पण खुलला. ती खूश नजर मी मरेपर्यंत विसरणार नाही. दादाने मला लुटलं, तो चोर. चोराला शिवी देऊन मोकळं होता येतं. या नजरेला काय शिवी द्यायची?

"आण गाडी, आत्ता बदलतो. फुकट," दादा मागून म्हणाला.

"तुझं फुकट परवडायचं नाही मला." मग बाजूला उभ्या गिऱ्हाइकाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हटलं, "ओ भाऊ, गाडी खाली घ्यायच्या आधी स्वतः वाकून बघा. जुना माल मागून घ्या. हा 'पूर्ण' करून देतो." तो बिचारा दादाकडे बघायला लागला. दादाचं हसू पहिल्यांदाच गळालं.

मी शहराच्या दुसऱ्या टोकाच्या गॅरेजात गेले, जिथे मला काळं कुत्रं ओळखत नव्हतं. माणूस जाडा, तुसडा. मी म्हटलं, मी रॅम्पखाली उभी राहणार, काय बदलणार ते आधी लिहून द्यायचं, कापलेला तुकडा माझ्या हातात द्यायचा.

"माझ्यावर विश्वास नाही?"

"नाही."

"बरं," म्हणून त्याने मला टॉर्च दिला. "मग नीट धर, मलाही दिसेल." मधली नळी, दोन क्लॅम्प. दादाने घेतले त्याच्या चौथ्या हिश्शात काम झालं. मला आनंद व्हायला हवा होता.

संध्याकाळी अण्णांना आणायला गेले. मी नाही आणलं तर कोण आणणार? ते मुकाट्याने पुढे बसले. वाटेत इस्पितळातून मास्तरीणबाईंना घ्यायचं होतं. त्या मागे बसल्या, पर्स मांडीवर घेतली, आणि पाच मिनिटांनी म्हणाल्या, "आज डोकं शांत आहे गं. औषध बदललंय, त्याचाच गुण."

मी गाडी कडेला घेतली.

"अण्णा, सांगा बाईंना."

"आत्ता?"

"आत्ता. नाहीतर मी सांगते, आणि मी काही झाकणार नाही."

अण्णांनी सांगितलं. मागे न बघता, समोरच्या काचेशी बोलल्यासारखं. भोक सांगितलं, पुटीण सांगितलं, ब्रश सांगितला. जोडाचं सांगायला लागले तेव्हा मी म्हटलं, "जोड पुरे."

 बाई अण्णांना काहीच बोलल्या नाहीत. मला विचारलं.

"काम झाल्यावर तू वाकून बघितलं नाहीस?"

"नाही, बाई."

"जगाला तर शिकवत फिरतेस."

"घरचा माणूस होता."

"हो ना," बाई म्हणाल्या. "मी घरची नव्हते."

आणि त्यांनी आपल्या बाजूची काच पूर्ण खाली केली.