मेणावर मावतील तेवढीच

व्हर्जिनियाच्या या डोंगरांत माझ्याइतका जलद बँजो वाजवणारं दुसरं कुणी नव्हतं, हे मी स्वतःच सांगते. दुसरं कोणी सांगेल म्हणून वाट बघायचा माझा स्वभाव नाही. गाणं मात्र ओर्लीना वहिनीचं. खाणीत स्फोट होऊन आमच्या खोऱ्यातली नऊ माणसं गेली. त्यातला हार्मन माझा भाऊ, म्हणजे वहिनीचा नवरा. तिने प्रत्येकाचं नाव घेऊन एकेक कडवं रचलं.

न्यूयॉर्कची कंपनी गाण्यांच्या तबकड्या भरायला रेल्वेच्या गावात आली आणि टोप्यांच्या दुकानाच्या माळ्यावर, आवाज घुमू नये म्हणून भिंतींना गोधड्या टांगून बसली. आम्ही निघालो त्याआधीच्या रविवारी चर्चच्या पायरीवर बाकीच्या आठही घरांनी वहिनीला बजावलं होतं, "आमच्याचं नाव नीट घे गं."

कंपनीच्या साहेबाने घड्याळ लावून गाणं ऐकलं. "चार मिनिटं झाली. गाणं कोरायच्या या मेणाच्या चकतीवर तीनच मावतात. पाच कडवी ठेवा. ऐकणाऱ्यांना कुठे ठाऊक ही माणसं कोण?"

"आमच्याकडे ठाऊक आहेत," वहिनी म्हणाली. "आणि तबकडी घेणारेही आमच्याकडचेच."

"तुम्ही घड्याळ सांभाळा साहेब," मी म्हटलं, "लय मी बघते."

जीव तोडून वाजवलं तरी आठच बसली. नवव्याला वेळ संपल्याचा लाल दिवा लागला. एक गाळा म्हणून सांगून साहेब कॉफी प्यायला गेला.

"ओटिसला गाळ," मी लगेच म्हटलं. "दारुडा मेला! आपली पळवलेली शेळी त्याने मरेपर्यंत परत केली नाही."

"त्याची आई चर्चमध्ये तुझ्या मागच्याच बाकावर बसते."

"बसेना का. तिच्या भसाड्या आवाजाने माझं गाणं बिघडतं."

वहिनी हसली. "तू वाजव. गाळायचं काय ते मी बघते."

मेण फिरू लागलं. चौथ्या कडव्यात ओटिस अगदी सुखरूप आला. मी चडफडत वाजवत राहिले. सहावं संपलं. सातवं हार्मनचं. वहिनीने श्वास घेतला आणि थेट आठव्या माणसाचं नाव उचललं. माझी बोटं सवयीने चालत राहिली, म्हणून गाणं तगलं.

दिवा लागायच्या आत आम्ही संपवलं. साहेब खूश होता, पण मी वहिनीवर ओरडले, "माझा भाऊ होता तो!"

"म्हणून तर. कुणाच्या दारात जाऊन 'तुमचा गाळला' असं मी सांगणार होते? एवढं एकच दार आपलं आहे."

"मला विचारायचंस तरी."

"हो म्हणाली असतीस?"

"नसते म्हणाले."

साहेबाने नवं मेण चढवलं. प्रत्येक गाणं ते दोनदा घेत. "अगदी तसंच पुन्हा," तो म्हणाला.

या वेळी मला ठाऊक होतं. सहाव्यानंतर मी नुसता हात थांबवला असता, तर ते मेण वाया गेलं असतं. राग तेवढा होता माझ्यात. सहावं संपलं. डोळ्यांना तारा दिसेनात. मी लय न सोडता वहिनीला आठव्यावर नेलं.

दुकानात मिळते ती ही दुसरी. सहाव्या आणि आठव्याच्या मध्ये कोणी होतं, हे ऐकणाऱ्याच्या ध्यानातही येत नाही. इतकं चांगलं मी आयुष्यात कधी वाजवलं नाही.