तोरणाचा दोरा

गॅलरीतल्या कपड्यांच्या तारेला शिंजीर पाखराच्या इवल्याशा मादीनं घरटं टांगलं, तेव्हा सगळ्यात जास्त हरखल्या त्या रत्नाबाई. दाराची तोरणं विणून उरलेले लाल नायलॉन दोऱ्याचे तुकडे त्या पाखरांसाठी कुंडीत ठेवायच्या. "तिलाबी घर बांधायला लागतंय की," म्हणायच्या. त्यांची सून आदिती मात्र घरट्याखालून बाळाला नेताना त्याच्या डोक्यावर हात धरायची. काय पडेल, काय चावेल, तिला सदा कसलीतरी धास्ती.

आज सकाळी दोनांतलं एक पिल्लू उडालं. दुसरं उडता उडता लटकलं. पायाला लाल दोरा, घरट्याबाहेर उलटं, फडफडून दमलेलं. ऊन तारेपर्यंत यायला लागलं होतं. त्याची आई चोचीत कोळी धरून घिरट्या घालत होती.

आदितीनं पुढं केलेला हात रत्नाबाईंनी मागं ओढला.

"हात लावू नगंस! मानसाचा वास लागला की आई घेत न्हाय पिल्लाला."

"आणि असंच ठेवलं तर?"

रत्नाबाईंनी तिचा हात सोडला.

घरात साप निघाला तर जवळ असावा, म्हणून बाळ झाल्यापासून आदितीनं धैर्यशील नावाच्या सर्पमित्राचा नंबर जपून ठेवला होता. तिनं फोन लावला, तर तो होता लांब गगनबावड्यात.

"मी येईस्तोवर ते ऊन सोसायचं न्हाय, वहिनी. तुम्हीच कापा. वासाचं काय नसतंय, आई येतीय परत. एकीनं पिल्लू धरा, एकीनं दोरा कापा. ओढू मात्र नका."

फोन स्पीकरवर होता. रत्नाबाई कडाडल्या, "ओ पावणं, माझ्या हातात मेलं म्हंजे?"

"मेलं तर दोऱ्यानं मरंल, मावशी. तुमच्या हातानं न्हवं."

दोरा कुणाचा, हे त्याला ठाऊक नव्हतं. रत्नाबाईंनी पदराला हात पुसले आणि ओंजळ पुढं केली.

आदितीनं बाळाच्या नखांची बोथट टोकाची कात्री आणली. बाळाचं बोट कापेल या भीतीनं तिनं ती कधी वापरलीच नव्हती. नखं नवराच काढायचा. आता समोर काडीहून बारीक पाय होता आणि त्यात रुतलेला दोरा. आधी तिनं घरट्याकडचा धागा तोडला, मग पायाशी कात्रीचं टोक सरकवलं.

"हलू नका, आई."

"म्या कुठं हलतोय? तू काप की."

कट्‌. दोरा सुटला. पाय सुजला होता, बोटं मिटत नव्हती. आदितीनं पिल्लू हळूच घरट्यात ठेवलं आणि दोघी काचेच्या दाराआड येऊन बसल्या.

मादी आली, तारेवर बसली आणि उडून गेली. रत्नाबाईंनी डोळे मिटून णमोकार मंत्र सुरू केला. आत बाळ जागं होऊन रडायला लागलं. पहिल्या हुंकाराला धावणारी आदिती उठली नाही. आपण हात लावला, आता ती आलीच नाही तर?

मादी परत आली. घरट्याला लटकली, तोंड आत घातलं. आतून पिल्लानं पिवळी चोच वासली.

"घेतलं की गं!" रत्नाबाई एवढ्यानं ओरडल्या, की मादी भुर्रकन उडाली.

"आई, हळू!"

रत्नाबाईंनी स्वतःच्याच तोंडावर हात दाबला. श्वास रोखून दोघी पुन्हा तिची वाट बघत राहिल्या, आणि ती आली.