सुटा दात

मित्रांनो, लेम्पी नावाच्या शेतकरणीच्या स्वयंपाकघराच्या खिडकीत ठेवलेला हा अंगठ्याएवढा लोखंडाचा तुकडा म्हणजे मी, रस्ता सपाट करणाऱ्या ग्रेडरचा एक जुना दात. माझं टोक झिजलं आहे आणि अंगावर वेल्डिंगचा व्रण आहे. त्या व्रणाचा मला राग नाही. माझ्या वाट्याला माणसं फार चांगली आली.

मला घडवलं हिल्का नावाच्या तरुण मुलीने, फिनलंडमधल्या एका लहानशा कारखान्यात. तिने घडवलेले पहिले दात फार कडक होते. थंडीने जमिनीतून वर ढकललेल्या दगडांवर आपटून ते तडातड फुटले. मग तिने चिवट पोलादाचं अंग केलं आणि फक्त शेंड्याला कडक कार्बाइडचा मणी बसवला. शिवाय आम्हाला ग्रेडरच्या पात्याच्या भोकांत मुद्दाम थोडं सुटं ठेवलं. खडीचा मार बसला की आम्ही फिरावं, सगळीकडून सारखं झिजावं आणि टोक टोकदारच राहावं, असा तिचा विचार होता. त्यात तिची दोन वर्षं गेली.

आम्ही तीस भावंडं काइनू भागातल्या ओइवाकडे गेलो. तो तिथल्या खडीच्या रस्त्यांवर ग्रेडर चालवायचा. अशाच एका रस्त्याच्या टोकाला त्याची बहीण लेम्पी चौदा गाई सांभाळून राहायची. त्या रस्त्यावर सारख्या खडीच्या आडव्या लाटा उठत. तिकडचे लोक त्यांना 'फौजदाराचे कुरळे केस' म्हणतात. साधं पातं लाटांचे माथे खरवडायचं, तळ तसाच राहायचा आणि आठवडाभरात लाटा परत हजर. शेवटी डेअरीने निरोप धाडला, की जूनमधल्या युहान्नुसच्या सणापर्यंत रस्ता सुधारला नाही तर दुधाचा टँकर आत येणार नाही. टँकर बंद म्हणजे लेम्पीच्या गाई विकाव्या लागणार.

ओइवाच्या अंगणातली सरपणाची लाकडंसुद्धा एका रेषेत रचलेली असत. त्याने आम्हाला पात्यात बसवलं, पण आमची खडखड ऐकून तो अस्वस्थ झाला. फोन करून तक्रार करणं त्याच्या स्वभावात नव्हतं. हिल्काची चूक आपणच गुपचूप निस्तरावी, असं त्या भल्या माणसाला वाटलं आणि त्याने आम्हा सगळ्यांना वेल्डिंग करून जागच्या जागी घट्ट बसवलं.

दोन दिवसांत आम्ही एका अंगाने झिजून सपाट झालो. लाटांवरून नुसते घसरू लागलो. सण पाच दिवसांवर आला होता. लेम्पीने न राहवून कारखान्यात फोन केला आणि हिल्का तीनशे किलोमीटर गाडी हाकत आली.

कॉफीचे दोन कप संपले, तरी कुणी विषय काढेना.

"अरे ओइवा, पोरगी एवढ्या लांबून आलीय. तोंड उघड की!" लेम्पी म्हणाली.

"काय सांगायचं? झिजले," ओइवा पुटपुटला.

"माझंच चुकलं असणार," हिल्का म्हणाली. "मी आता हे काम बंद करते."

ओइवाला राहवेना. "तसं नाही गं. दात चांगलेच होते. जरा सुटे राहिले होते, ते मी वेल्ड करून पक्के केले. तुला कळवलं नाही. म्हटलं, कशाला लाजवायचं?"

हिल्काने कप खाली ठेवला. "वेल्ड केले? अहो, ते फिरायला हवेत!"

ओइवा कानापर्यंत लाल झाला. "मग तसं लिहून द्यायचंस की."

"मला वाटलं, बघितल्यावर कळेल."

"दोघंही एका माळेचे मणी," लेम्पी कडाडली. "तुम्ही असेच गप्प राहा, आणि माझ्या गाई जाऊ देत!"

मग ग्राइंडर घेऊन दोघं कामाला लागले. वेल्डिंगचे टाके कापून त्यांनी आम्हाला एकेक करून मोकळं केलं. मी भोकात मोकळा फिरलो आणि न झिजलेली बाजू पुढे आली, तेव्हा मला नवा जन्म मिळाल्यासारखं वाटलं. आम्ही लाटांच्या तळापर्यंत शिरलो आणि तीन दिवस तो रस्ता मुळापासून कापून काढला. रोज काम संपलं की ओइवा भोकांतली खडी झटकायचा आणि प्रत्येकाला बोटाने फिरवून बघायचा.

सणाच्या आदल्या सकाळी टँकर आला. चालक खाली उतरून म्हणाला, "मला वाटलं, वाट चुकलो!" लेम्पी गोठ्यात गेली आणि एका गाईच्या गळ्यात पडून रडली.

मित्रांनो, एखादी वस्तू खडखडली तर तिला लगेच आवळू नका. आधी घडवणाऱ्याला विचारा. आणि तुम्ही काही घडवलंत, तर कसं वापरायचं तेही सांगा. वस्तू बोलू शकत नाहीत, माणसं बोलू शकतात.

ओइवा आता म्हातारा झाला आहे आणि लेम्पीकडेच राहतो. टँकरचा आवाज आला की तो खिडकीशी येतो आणि मला उचलून बोटांत फिरवतो. गेल्या आठवड्यात मात्र तो मला फिरवता फिरवता थांबला, फोन लावला आणि म्हणाला, "हिल्का, काही काम नाही गं. सहज केला."