जरा नाजूक आहे

दर सोमवारी सकाळी दहाला त्या बड्या सल्लागार कंपनीत माणसांचं वाटप चाले. नव्या कन्सल्टंट मुलामुलींची यादी पडद्यावर लागे आणि कोण कोणत्या प्रोजेक्टवर जाणार ते ठरे. यादी सांभाळणाऱ्या बाईंना सगळे ताई म्हणत. साहेब मंडळी एखाद्या नावावर थांबून विचारत, "ही कशी आहे?" ताई दोन शब्दांत सांगत. कागदावर काही नसे, आणि जिच्याबद्दल बोललं जाई तिला त्याचा पत्ताही नसे. जिला कुणी उचललं नाही ती 'बेंचवर'. तीन महिने तशीच राहिली की राजीनामा मागून घ्यायचा, अशी रीतच पडून गेली होती.

त्या सोमवारी बैठक आटोपून ताई जागेवर आल्या, तर एक बाई मांडीवर लॅपटॉपची पिशवी घेऊन बसलेल्या.

"मुलीचं इथलं सामान परत द्यायचं राहून गेलं होतं, ते द्यायला आलेय."

ताईंनी पोच लिहून दिली. बाई उठेनात.

"एक विचारू? माझ्या मुलीचं काय चुकलं हो? भांडायला नाही आले मी. नोकरी सुटून चार महिने झाले, पण रोज आठला तयार होऊन फोनसमोर बसते. म्हणते, आई, कुठं चुकलं तेच आठवतेय."

ताईंना सगळं लख्ख आठवत होतं. वडिलांच्या ऑपरेशनसाठी पोरीनं ऐन घाईत तीन दिवस रजा मागितली होती. काम मात्र दवाखान्याच्या व्हरांड्यात बसून पुरं केलं होतं. पुढच्या सोमवारी साहेबांनी विचारलं आणि चहाचा घोट घेता घेता ताई म्हणाल्या, "हुशार आहे, पण जरा नाजूक आहे."

झालं! त्यानंतरचे बारा सोमवार त्या नावावर कुणी थांबलं नाही. पोर कोपऱ्यातल्या टेबलाशी बसून राही. ताई जवळून गेल्या की खुर्चीतून अर्धवट उठे. "ताई, आलं का काही माझ्यासाठी?"

"येईल गं, धीर धर."

तो आठवडा ताईंना खायला उठला. त्या खुर्चीत आता दुसरंच कुणी बसे. तरी तिथून जाताना कुणीतरी अर्धवट उठल्याचा भास होई आणि त्या दचकून मागे बघत. घरी भाजी चिरताना सुरी तशीच हातात राही. नवरा म्हणे, "अगं, लक्ष कुठंय तुझं?"

पुढच्या सोमवारी पडद्यावर नवं नाव आलं. "हा कसा आहे?"

"त्याला बोलवा, त्याचं काम बघा. मी सांगणार नाही."

"अहो, तुमचं कामच आहे ते!"

"होतं. एका मुलीला मी नाजूक म्हणाले. तिचं काम तुमच्यापैकी एकानंही उघडून पाहिलं नाही. यापुढं जे बोलायचं ते लिहून, आणि ज्याच्याबद्दल आहे त्याला दाखवून. जमत नसेल तर यादी दुसऱ्या कुणाला द्या."

सगळे आपापल्या फोनमध्ये बघू लागले. यादी सांभाळायला दुसरं माणूस दुपारच्या जेवणाआधीच मिळालं.

संध्याकाळी ताई मुलीच्या घरी गेल्या. इस्त्रीच्या कपड्यांतली मुलगी त्यांना बघून ताडकन उभी राहिली.

"प्रोजेक्ट आलं?"

"नाही, बाळा. बस. तुझं काहीच चुकलं नव्हतं." आणि त्यांनी सगळं सांगितलं, चहाच्या घोटासकट.

मुलगी खुर्चीच्या कडेला टेकली. "म्हणजे दवाखान्यात बसून केलेलं ते... बरोबर होतं?"

"अगदी बरोबर होतं."

"मग तेव्हा का नाही सांगितलंत?"

मुलीला हुंदका फुटला. चार महिन्यांत पहिल्यांदाच. आई आतून धावत आली. ताईंनी हात पुढं केला. मुलीनं तो धरला नाही.

तरी ताई उठल्या नाहीत. ती आणखी जे विचारील ते ऐकायला बसून राहिल्या.